६०,००० फाइलींच्या संग्रहातील बिघडलेली गाणी कशी शोधावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे ६०,००० ध्वनिफाइलींचा संग्रह, त्यात निम्म्याहून अधिक फ्लॅक (दर्जा न घालवता ध्वनी दाबून ठेवणारा प्रकार) आणि उरलेल्यांत बहुतेक एमपी३, जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या डिस्कवर हलवला. त्यानंतर काही गाणी मध्येच अडखळतात, काही शेवटाआधीच तुटतात आणि एक-दोन तर वाजतच नाहीत, असे लक्षात आले. प्रत्येक गाणे ऐकून पाहणे शक्य नसताना बिघडलेल्या सगळ्या फाइली कशा हुडकून काढाव्यात आणि त्या दुरुस्त होतात का, असे विचारले आहे.

ऐकून तपासणे शक्य नाही हे खरेच आहे. सरासरी ४ मिनिटांचे गाणे धरले तर एकूण ४,००० तास होतात, म्हणजे न थांबता ऐकले तरी १६६ दिवस. शिवाय पाव सेकंदाची गळती लक्ष जरा विचलित झाले की कानातून निसटते. यंत्राकडून हेच काम एका रात्रीत होते. बहुतेक जण फसतात ते यंत्राच्या निकालाचा अर्थ लावताना. तपासणीचे साधन ज्या फाइलींविषयी तक्रार करते त्यांतील बऱ्याच उत्तम वाजतात, आणि खरोखर बिघडलेल्या काही फाइलींविषयी ते चकार शब्द काढत नाही. म्हणून साधनांची नावे सांगण्यापेक्षा कोणत्या प्रकारची फाइल स्वतःच्या अवस्थेविषयी साक्ष देऊ शकते आणि कोणत्या प्रकारची देऊ शकत नाही, हे समजावून देण्यावर मी या उत्तरात अधिक भर देणार आहे.

त्याआधी एक विनंती. निदान होईपर्यंत संग्रहात काहीही लिहू नका. जुनी डिस्क पुसू नका, टॅग (फाइलीतील नाव, गायक, अल्बम यांच्या नोंदी) सुधारू नका, दुरुस्तीचा दावा करणारे कोणतेही साधन चालवू नका, आणि बॅकअप आपोआप अद्ययावत होत असेल तर ते आत्ताच थांबवा. बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर चढवण्याचे काम आपली स्वतःची बॅकअपव्यवस्थाच इमानेइतबारे करते. मी स्वतः एकदा अशाच रीतीने काही अल्बमांच्या दोन्ही प्रती घालवल्या आहेत. दुसरे कारण असे की फाइलींवरील बदलाच्या तारखा हा निदानातील महत्त्वाचा पुरावा असतो, आणि टॅग सुधारणारे साधन एकदा सगळ्या संग्रहावरून फिरले की तो पुसला जातो.

जुनी डिस्क अजून वाचता येत असेल तर पहिले काम सोपे आहे: दोन्ही डिस्कांवरील प्रतींची बाइट-बाय-बाइट तुलना करावी. आरसिंक या प्रती काढणाऱ्या साधनाला चेकसमचा (मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याचा) आणि 'प्रत्यक्ष काही बदलू नको, फक्त दाखव' असा पर्याय दिला, तर ज्या फाइलींचा मजकूर दोन ठिकाणी वेगळा आहे त्यांची यादी मिळते. ही यादी म्हणजे हलवताना झालेले नुकसान. यादी रिकामी आली तर फाइली हलवण्याआधीच बिघडलेल्या होत्या, आणि आपल्याला त्या आत्ता दिसल्या एवढेच. माझा अनुभव असा की हा दुसरा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ वेळा निघतो. जुने गाणे आपण वर्षानुवर्षे लावतच नाही आणि दोष मात्र नव्या डिस्कच्या माथी मारतो.

दुसरी पूर्वतपासणी संगणकाची. सदोष मेमरी, सैल केबल किंवा बाह्य डिस्कची मोडकळीला आलेली पेटी यांमुळे डिस्कवर शाबूत असलेली फाइलही वाचताना बिघडलेली दिसू शकते. यासाठी काही मोठ्या अल्बमांचे हॅश, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारे ओळख-आकडे, काढावेत, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तेच हॅश पुन्हा काढावेत. बंद करण्याची पायरी वगळू नये, कारण नुकतीच वाचलेली फाइल मेमरीतील कॅशमधून परत मिळते आणि डिस्कपर्यंत गोष्ट जातच नाही. दोन वेळचे हॅश जुळले नाहीत तर आधी मेमटेस्ट चालवून मेमरी तपासावी व केबल बदलावी. फाइलींची तपासणी त्यानंतर. डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या स्मार्ट नोंदींत ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे पाहावेत. ते अनुक्रमे पर्यायी जागी हलवलेल्या, वाचण्याबद्दल संशय असलेल्या आणि वाचता न आलेल्या सेक्टरांचे असतात. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क नव्हे, केबल दोषी असते.

आता फ्लॅककडे येऊ, कारण तिथे काम जवळजवळ निर्विवाद आहे. फ्लॅकमध्ये ध्वनी छोट्या फ्रेममध्ये विभागलेला असतो. सर्वसाधारणपणे एका फ्रेममध्ये ४,०९६ नमुने (ध्वनिलहरीची क्षणाक्षणाची मोजमापे), म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ०.०९ सेकंदाचा ध्वनी असतो. प्रत्येक फ्रेमच्या शीर्षभागाला ८ बिटांचा आणि संपूर्ण फ्रेमला १६ बिटांचा सीआरसी, म्हणजे छोटा चेकसम, जोडलेला असतो. याशिवाय फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीखंडात मूळ, न दाबलेल्या ध्वनीचा १२८ बिटांचा एमडी५ हा हॅश आणि नमुन्यांची एकूण संख्या लिहिलेली असते. फ्लॅकच्या स्वतःच्या कमांडला चाचणीचा पर्याय दिला की ती फाइल पूर्ण उलगडते, प्रत्येक सीआरसी तपासते आणि शेवटी निघालेल्या ध्वनीचा एमडी५ नोंदीशी ताडून पाहते. एक बिट बदलला असेल तरी ते कळते. गाणे शेवटी तुटले असेल तरी कळते. म्हणून फ्लॅकसाठी सर्वसाधारण डिकोडर (दाबलेला ध्वनी उलगडणारे साधन) न वापरता हेच साधन वापरावे असा माझा आग्रह आहे.

यात दोन अडचणी येतात. काही फाइलींमध्ये एमडी५ची जागा शून्यांनी भरलेली असते. ध्वनी थेट प्रवाहातून येत असताना फाइल तयार झाली आणि शेवटी मागे जाऊन नोंद करता आली नाही की असे होते. अशा फाइलीविषयी साधन 'एमडी५ तपासता आला नाही' अशी सूचना देते आणि तिला यशस्वी ठरवून पुढे जाते. तेव्हा सूचनांनाही चूक मानण्याचा पर्याय लावावा आणि अशा फाइलींची वेगळी यादी ठेवावी. त्यांचे फ्रेमचे सीआरसी शाबूत असतील तर बहुधा त्या चांगल्याच असतात. नसलेल्या साक्षीमुळे कोणाला दोषी धरू नये. दुसरी अडचण अशी की काही जुन्या टॅगसाधनांनी फ्लॅक फाइलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी एमपी३च्या पद्धतीचा आयडी३ टॅग चिकटवलेला असतो. फ्लॅकच्या रचनेत त्याला जागा नाही, त्यामुळे तक्रार येऊ शकते, परंतु ध्वनीला काहीही झालेले नसते.

एमपी३ हा मात्र वेगळाच प्राणी आहे. त्यात संपूर्ण फाइलीसाठी अनिवार्य असा कोणताही चेकसम नाही. फाइल म्हणजे एकामागून एक ठेवलेल्या फ्रेमची माळ. नेहमीच्या लेयर ३ फाइलीत प्रत्येक फ्रेममध्ये १,१५२ नमुने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २६ मिलिसेकंद. प्रत्येक फ्रेमच्या आरंभी ४ बाइटचा शीर्षभाग असतो आणि त्यावरून डिकोडर पुढची फ्रेम कुठे सुरू होते ते मोजतो. १६ बिटांचा सीआरसी ऐच्छिक आहे, आणि असला तरी तो शीर्षभागाचा काही अंश व त्यालगतची पूरक माहिती एवढ्यापुरताच असतो. खऱ्या ध्वनीच्या बाइट्सना तो शिवत नाही. एमपी३ बनवणारा सर्वांत प्रचलित एन्कोडर लेम तो मुळात लिहीतच नाही, जोपर्यंत तुम्ही सांगत नाही. परिणामी ध्वनीच्या बाइट्समधील एखादा बिट पलटला तर डिकोडर निमूटपणे चुकीचा आवाज काढतो, कधी एक बारीक चिरका सूर, कधी कानाला न जाणवणारा फरक, आणि तपासणीच्या अहवालात त्याची नोंद होईलच असे नाही.

सुदैवाने प्रत्यक्षात होणारे नुकसान सहसा एका बिटाचे नसते. डिस्क वाचताना ५१२ किंवा ४,०९६ बाइटचा अख्खा सेक्टर जातो, किंवा प्रत करताना खंड पडून फाइलीचे शेपूट तुटते. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिटांच्या) फाइलीत एक फ्रेम ४१७ किंवा ४१८ बाइटची असते, म्हणून ४,०९६ बाइट गेले की सुमारे १० फ्रेम, म्हणजे साधारण पाव सेकंद ध्वनी जातो. अशा ठिकाणी फ्रेमची माळ तुटते आणि साधनाला ते दिसते. एमपी३व्हॅल हे छोटे साधन नेमके हेच करते: ते ध्वनी डिकोड करत नाही, फक्त माळ सलग आहे का, कुठे तुटून पुन्हा जुळली, आणि शीर्षनोंदीशी, म्हणजे पहिल्या फ्रेममधील एकूण फ्रेमसंख्येच्या नोंदीशी, आकडे जुळतात का एवढे पाहते. त्यामुळे ते अतिशय वेगवान आहे. त्याला केवळ तपासणीच्याच पद्धतीने चालवावे. दुरुस्तीचा पर्याय या टप्प्यावर नको.

एफएफएमपेग हे दुसरे साधन फाइल प्रत्यक्ष डिकोड करते. संदेशांची पातळी फक्त चुकांपुरती ठेवून निकाल 'नल'कडे, म्हणजे कुठेही न लिहिता, पाठवावा आणि जे काही संदेश येतील ते फाइलीच्या नावासह नोंदवावेत. इथे दोन गोष्टी न कळल्यामुळे अनेकांची तपासणी वाया जाते. पहिली अशी की डिकोड करताना चुका आल्या तरी एफएफएमपेग काम पूर्ण करून सहसा 'यशस्वी' असाच निकालांक परत देते. स्क्रिप्ट फक्त निकालांक पाहत असेल तर सगळा संग्रह निरोगी दिसेल, म्हणून संदेशांची ओळ आली की नाही हे पाहायला हवे. दुसरी अशी की टॅगमधील मुखपृष्ठाचे चित्र एफएफएमपेगला चलचित्राचा प्रवाह वाटते. ते चित्र सदोष असेल तर त्याच्या चुका ध्वनीच्या चुकांत मिसळतात. फक्त ध्वनीचा प्रवाह निवडला की हा गोंधळ टळतो. मी एका संग्रहात शेकडो 'बिघडलेली' गाणी पाहिली होती, त्यांत प्रत्यक्षात बिघडले होते ते एकच चित्र, जे त्या सगळ्या फाइलींत चिकटवलेले होते.

विंडोज वापरणाऱ्यांना कमांड लाईन नको असेल तर फूबार२००० या प्लेअरचे फाइल-अखंडता तपासणारे पूरक घटक आहे. सगळा संग्रह निवडून ते चालवले की फ्लॅक, एमपी३ आणि इतर अनेक प्रकारांचा एकत्रित अहवाल मिळतो. 'नोंदलेली लांबी आणि डिकोड झालेली लांबी यांत फरक' अशी सूचना त्यात वारंवार दिसते; फरक शतांश सेकंदांचा असेल तर ती खुशाल दुर्लक्षावी, दीड मिनिटाचा असेल तर फाइल तुटलेली आहे.

लांबीचा हा मुद्दा एमपी३साठी फार उपयोगाचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. बदलत्या बिटरेटच्या (सेकंदाला लागणाऱ्या बिटांच्या संख्येच्या) जवळजवळ सर्व फाइलींत, आणि लेमने केलेल्या स्थिर बिटरेटच्या फाइलींतही, पहिल्या फ्रेममध्ये एकूण फ्रेमसंख्या व एकूण बाइट्स लिहिलेले असतात. नोंदीत १०,००० फ्रेम आणि हाती ७,२०० असतील तर शेपूट तुटले हे सांगायला गाणे ऐकण्याची गरज नाही. याचा एकच अपवाद म्हणजे एमपी३ थेट कापणाऱ्या साधनांनी जाणीवपूर्वक छोटे केलेले गाणे, ज्यात जुनी नोंद तशीच राहिलेली असते. अशी शीर्षनोंदच नसलेल्या जुन्या फाइलींत मात्र साक्षीदार उरत नाही. तिथे मी दोन अप्रत्यक्ष खुणा पाहतो. शेवटची फ्रेम अर्धवट आहे का, ही पहिली. प्रत करताना खंड पडला तर तो नेमका फ्रेमच्या सीमेवर पडण्याची शक्यता कमी असते. शेवटच्या एका सेकंदाची ध्वनिपातळी किती, ही दुसरी. गाणे सहसा विरत जाते, आणि भर आवाजात संपणारी फाइल संशयास्पद असते. एफएफएमपेगला फाइलीच्या शेवटून एक सेकंद मागे जाऊन पातळी मोजायला सांगता येते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणांत आणि एकाला एक जोडलेल्या अल्बमांत ही खूण निरुपयोगी ठरते, कारण तिथे टाळ्या किंवा सूर पुढच्या फाइलीत चालू राहतात.

एमपी३च्या खोट्या तक्रारी कोणत्या, तेही सांगायला हवे, नाहीतर पहिला अहवाल पाहून धडकी भरते. सुरुवातीला किंवा शेवटी 'कचरा' आहे असा संदेश बहुतेक वेळा अपरिचित टॅगमुळे येतो. पहिल्याच फ्रेमविषयी तक्रार आणि पुढे सर्व ठीक, असे असेल तर ते गाणे मोठ्या ध्वनिमुद्रणातून कापलेले असावे. एमपी३ची फ्रेम आपल्या ध्वनीचा काही भाग आधीच्या फ्रेममधील मोकळ्या जागेत, ५११ बाइटपर्यंत मागे, ठेवू शकते. आधीची फ्रेमच कापून टाकली की नव्या पहिल्या फ्रेमला आपला पूर्ण ऐवज सापडत नाही. नुकसान काही मिलिसेकंदांचे असते. याउलट फाइलीच्या मध्यावर माळ तुटून पुन्हा जुळल्याचा संदेश आला, मग तो एकदाच का असेना, तर ती फाइल संशयितांच्या यादीत सर्वांत वर ठेवावी.

इतर प्रकारांविषयी थोडक्यात. ऑगच्या वेष्टनात, म्हणजे व्हॉर्बिस व ओपसच्या फाइलींत, प्रत्येक पानाला ३२ बिटांचा सीआरसी असतो, म्हणून तिथे तपासणी विश्वसनीय होते. वेव्हपॅक आणि मंकीज ऑडिओ यांच्या स्वतःच्या साधनांत पडताळणीचा पर्याय आहे. एम४ए फाइलीत ध्वनी आणि त्याची अनुक्रमणिका वेगवेगळ्या खंडांत असतात. अनुक्रमणिका शेवटी असलेली फाइल तुटली तर ती मुळीच वाजत नाही, सुरुवातीला असेल तर तुटल्या जागेपर्यंत वाजते, आणि दोन्ही प्रसंगी डिकोडर तक्रार करतो. वेव्ह फाइल सर्वांत निराधार आहे. तिच्यात चेकसम नाही आणि बाइट्सचा कोणताही क्रम हा वैध ध्वनीच असतो, त्यामुळे शीर्षभागात नोंदलेला आकार प्रत्यक्ष आकाराशी ताडणे एवढेच हाती राहते. वेव्हचा मोठा साठा असेल तर तो फ्लॅकमध्ये बदलून घ्यावा असे मी सुचवेन. जागा वाचते हा गौण लाभ आहे. प्रत्येक गाण्याला चेकसम मिळतो, हा खरा.

तपासणी चालवण्याविषयी. ३५,००० फ्लॅक सरासरी ३० एमबी आणि २५,००० एमपी३ सरासरी ८ एमबी धरल्या तर एकूण सुमारे १.२५ टीबी होतात. हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला १५० एमबी देत असेल तर कागदावर सव्वादोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. प्रत्यक्षात हजारो फाइलींमध्ये उड्या मारताना हा वेग टिकत नाही, म्हणून रात्रभर लागेल असे समजून चालावे. फिरत्या डिस्कवर एका वेळी एक किंवा फार तर दोन फाइली तपासाव्यात. आठ-दहा एकदम लावल्या तर डिस्कचा वाचनशीर्ष इकडून तिकडे धावत बसतो आणि वेळ उलट वाढतो. एसएसडी असेल तर प्रोसेसरचे जितके कोअर तितक्या फाइली एकदम लावायला हरकत नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी फाइलींच्या नावांतील रिकाम्या जागा, अवतरणचिन्हे आणि देवनागरी अक्षरे यांचा विचार करून नावे शून्य-बाइटने विलग करून पाठवावीत, नाहीतर ज्यांची नावे वेडीवाकडी आहेत त्या फाइली न तपासताच सुटतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शेवटी तपासलेल्या फाइलींची संख्या संग्रहातील संख्येशी जुळते का, ते जरूर पाहावे.

अहवाल हाती आला की लगेच एकेक गाणे वाजवत बसू नये. आधी यादीचा आकृतिबंध पाहावा, कारण तो कारण सांगतो. सर्व बिघडलेल्या फाइली एकाच दिवशी, एकाच तासात प्रत झाल्या असतील तर त्या वेळी प्रतीत खंड पडला होता. त्या संग्रहभर विखुरलेल्या असतील आणि बदलाच्या तारखा जुन्याच असतील तर फाइल कोणीही न बदलता आतला मजकूर बदलला आहे, म्हणजे साठवणीचे माध्यम दोषी. फक्त ठरावीक काळात टॅग सुधारलेल्या फाइली बिघडल्या असतील तर संशय टॅगसाधनावर घ्यावा. टॅग वाढला की पुष्कळदा संपूर्ण फाइल पुन्हा लिहावी लागते आणि त्याच क्षणी संगणक बंद पडला तर अर्धी फाइल राहते. एखाद्या पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलींत ठरावीक मर्यादेनंतरच्या सगळ्याच बिघडल्या असतील तर त्या पेनड्राइव्हची खरी क्षमता छापलेल्या क्षमतेपेक्षा कमी आहे का, ते तपासावे.

आता साधनांच्या मौनाविषयी, कारण इथेच सर्वाधिक सावधगिरी लागते. फ्लॅकची चाचणी यशस्वी झाली याचा अर्थ इतकाच की फाइल तयार झाली तेव्हा जो ध्वनी आत गेला तोच आज बाहेर येतो. ओरखडे पडलेल्या सीडीवरून उतरवताना टकटक आली असेल तर ती टकटक फ्लॅकने अत्यंत निष्ठेने जपलेली असते, एमडी५सकट. त्याचप्रमाणे बिघडलेली एमपी३ उलगडून कोणी फ्लॅक केली असेल तर ती प्रत्येक चाचणीत उत्तीर्ण होईल. संपूर्ण सीडीवरून उतरवलेल्या, दर्जाहानी नसलेल्या अल्बमांसाठी यावर एक चांगला उपाय आहे. अॅक्युरेटरिपच्या संग्रहात इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या ध्वनीचे चेकसम असतात, आणि क्यूटूल्स या साधनाने आपला अल्बम त्यांच्याशी ताडून पाहता येतो. अनेक अनोळखी माणसांनी स्वतंत्रपणे काढलेला आकडा आपल्याशी जुळला तर त्याहून मोठा पुरावा घरबसल्या मिळणार नाही. क्यूटूल्सच्या स्वतःच्या संग्रहात दुरुस्तीसाठीची अतिरिक्त माहितीही असते, आणि दोष मर्यादित असेल तर त्यावरून मूळ नमुने परत मिळवता येतात. अल्बममधील एखादेच गाणे हाती असेल तर मात्र ही वाट बहुधा बंद असते.

मौनाचा दुसरा प्रकार शून्यांचा. मरणासन्न डिस्कवरून प्रत काढताना न वाचता आलेल्या सेक्टरांच्या जागी साधने शून्ये ठेवतात. एमपी३मध्ये एक सुंदर सोय अशी की ४४.१ किलोहर्ट्झ आणि ३२० केबीपीएसला सर्वांत मोठी फ्रेमसुद्धा १,०४५ बाइटची असते, म्हणजे तेवढ्या अंतरात शून्य नसलेला शीर्षभाग यायलाच हवा. त्यामुळे ध्वनीच्या भागात सलग ४,०९६ शून्य बाइट आढळले तर ते निरपराध असूच शकत नाहीत. फाइलीच्या सुरुवातीला टॅगमध्ये राखून ठेवलेली मोकळी जागा तेवढी वगळावी, ती कायदेशीर शून्यांनीच भरलेली असते. वेव्हमध्ये हीच शून्ये निव्वळ शांतता म्हणून वाजतात. तिथे एफएफएमपेगचा शांतता शोधणारा फिल्टर वापरता येतो, पण त्याची मूळ अट २ सेकंदांची आहे. ती काही मिलिसेकंदांवर आणावी आणि उंबरठा जवळजवळ पूर्ण शांततेपर्यंत खाली न्यावा, म्हणजे दोन सुरांमधील नैसर्गिक विराम त्यात अडकणार नाहीत. खऱ्या ध्वनिमुद्रणात खोलीचा काहीतरी आवाज असतोच. गाण्याच्या ऐन मध्यावर अंकीय शून्य सहसा येत नाही.

तिसरा प्रकार दुर्मीळ पण फसवा आहे. पुसलेल्या फाइली परत मिळवणाऱ्या साधनांनी दिलेल्या एमपी३त पहिली दोन मिनिटे एका गाण्याची आणि उरलेली दुसऱ्याच गाण्याची असू शकतात. दोन्ही तुकडे आपापल्या जागी निर्दोष असल्यामुळे अहवालात फक्त सांध्यावर एक तक्रार दिसते, आणि लांबीही फारशी चुकत नाही. म्हणूनच मघाशी म्हटले की मध्यावरील एकमेव चुकीला हलके समजू नये. संशयित फाइलींची संख्या शेकड्यांत असेल तर स्पेकसारख्या साधनाने त्यांचे वर्णपट, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीचा ध्वनी किती हे दाखवणारी चित्रे, काढून पाहावेत. सांधा, वरपासून खालपर्यंत उभी रेघ दाखवणारी टकटक आणि काळी पट्टी होऊन उतरलेली शांतता डोळ्यांना काही सेकंदांत दिसते. जाता जाता एक खुलासा: वर्णपटात १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही, हे कमी बिटरेटचे लक्षण असू शकते, बिघाडाचे नव्हे. त्या दोन याद्या एकत्र करू नयेत.

दुरुस्तीविषयी फार आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. गेलेला ध्वनी कोणतेही साधन परत आणत नाही. एमपी३व्हॅलची दुरुस्ती म्हणजे कचरा काढून माळ पुन्हा जोडणे आणि शीर्षनोंद नव्याने लिहिणे. त्याने हट्टी प्लेअर अडखळायचे थांबतात, गाळलेला भाग मात्र गाळलेलाच राहतो. वाईट गोष्ट अशी की दुरुस्तीनंतर फाइल सर्व चाचण्यांत उत्तीर्ण होते आणि नुकसानीचा शेवटचा पुरावा नाहीसा होतो. म्हणून प्रथम जुनी डिस्क, जुने बॅकअप, फोनवर घेतलेल्या प्रती, मूळ सीडी किंवा विकत घेतलेल्या ठिकाणची पुन्हा उतरवण्याची सोय, हे सगळे मार्ग संपवावेत. काहीच नसेल आणि ध्वनिमुद्रण एकमेव असेल, तर बिघडलेली फाइल आहे तशी जपून वेगळ्या प्रतीवर काम करावे. फ्लॅकला चुका ओलांडून पुढे उलगडण्याचा पर्याय दिला की बिघडलेल्या फ्रेमच्या जागी शांतता ठेवून उरलेले गाणे मिळते. एक-दोन फ्रेमची शांतता ध्वनिसंपादकात कानाला न खटकेल अशी भरून काढता येते, पण त्या प्रतीच्या टॅगमध्ये तशी नोंद अवश्य करावी.

पुढच्या वेळी ही सगळी तपासणी अर्ध्या कष्टात व्हावी असे वाटत असेल तर आजच, संग्रह स्वच्छ झाल्याबरोबर, हॅशची यादी करून ठेवा. संपूर्ण फाइलीचा हॅश घेतला तर टॅगमधील एक अक्षर बदलले तरी तो बदलतो आणि वर्षभरात यादी निकामी होते, म्हणून एमपी३ व एम४एसाठी फक्त ध्वनिप्रवाहाचा हॅश घ्यावा. एफएफएमपेगला ध्वनीचा प्रवाह डिकोड न करता जसाच्या तसा उचलून त्याचा एमडी५ काढायला सांगता येते. फ्लॅकमध्ये तो आतच असतो, फ्लॅकच्या जोडीच्या मेटाफ्लॅक या साधनाने फक्त वाचून यादीत टाकायचा. यामुळे एमपी३लाही, जन्मतः नसलेली, साक्ष देण्याची शक्ती मिळते. आणि पलटलेला एकटा बिट, जो वर सांगितलेल्या कोणत्याही साधनाला दिसत नव्हता, तो या यादीशी ताडताना दिसतो. एकमेव असलेल्या ध्वनिमुद्रणांसाठी त्याही पुढे जाऊन पार२ फाइली, म्हणजे दुरुस्तीसाठीची अतिरिक्त माहिती ठेवणाऱ्या फाइली, बनवाव्यात. १० टक्के अतिरिक्त माहिती ठेवली तर साधारण तेवढाच भाग बिघडला तरी तो बाइटशः परत मिळवता येतो. मात्र त्या फाइली टॅगांचे काम पूर्ण झाल्यानंतरच बनवाव्यात, कारण पार२ टॅगमधील बदलालाही बिघाडच समजते आणि तुम्ही सुधारलेले नाव निमूटपणे जुने करून देते.